पैलवानाने पाठ टेकावी का?

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या एकतीस वर्षांच्या एका वाचकाचे हे पत्र आहे. शाळेत असल्यापासून ते कोल्हापुरातील एका तालमीत राहून कुस्ती करत होते. गावोगावच्या जत्रांची मैदाने त्यांनी केली, जिल्हा पातळीपर्यंत गादीवरही ते खेळले आणि गुडघ्याच्या दुखापतीनंतर पंचविशीत लंगोट खुंटीला टांगला. वजन वाढू लागले म्हणून गेल्या वर्षी त्यांनी घराजवळच्या एका क्लबमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू हा जमिनीवरच्या पकडींचा खेळ शिकायला सुरुवात केली. उभ्याने त्यांना तिथे कोणी हलवू शकत नाही. जमिनीवर गेल्यावर मात्र त्यांच्यापेक्षा वीस-वीस किलोंनी हलकी माणसे, त्यांत एक मुलगीही, त्यांना टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला लावतात. तीन प्रसंग पुन्हा पुन्हा घडतात: पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला गेले की मान अडकते, खालच्याच्या पायांमध्ये शिरून दाबायला गेले की गळ्याभोवती पाय पडतात, आणि कधी खाली सापडून पोटावर वळले की कोणीतरी पाठीवर बसून गळा आवळते. काही जण तर लढत सुरू होताच आपणहून खाली बसतात, हा त्यांना पळपुटेपणा वाटतो. प्रशिक्षक म्हणतात, 'कुस्ती दाराबाहेर ठेवून या.' दोघे-तिघे सहकारी त्यांच्याशी सराव करायचे टाळू लागले आहेत. 'इतकी वर्षे अंगाला माती लावली ती फुकट गेली का? कुस्ती विसरल्याशिवाय हे येणारच नाही का? की हे सोडून सरळ एमएमएकडे, म्हणजे ठोसे-लाथांसकट सगळे चालणाऱ्या लढतींकडे वळावे?' असे ते विचारतात. दोन महिन्यांनी होणाऱ्या स्पर्धेत पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे नवशिक्यांच्या गटात उतरणे योग्य होईल का आणि वस्तादांना हे सगळे सांगावे का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

नमस्कार.

तुमच्या प्रशिक्षकांचे ते वाक्य मला पटलेले नाही, आणि त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष तर त्याहूनही पटलेला नाही. कुस्ती दाराबाहेर ठेवायची म्हणजे नेमके काय काय ठेवायचे? समोरच्याच्या मानेवर हात पडताच त्याचा भार कोणत्या पायावर आहे हे तुम्हाला कळते. कोणी ढकलले तर तुमचे पाय आपोआप जागा बदलतात. मनगट सुटले तर दुसऱ्या क्षणी तुम्ही ते पुन्हा धरलेले असते. हे बाहेर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. प्रशिक्षकांना बहुधा एवढेच म्हणायचे असावे, की तुमच्या अंगातल्या दोन-तीन सवयी या खेळात तुम्हालाच अडचणीत आणतात. त्या सवयी कोणत्या, हे तुम्हीच पत्रात सांगितले आहे. तीन प्रसंग तुम्ही लिहिले आहेत आणि तिन्ही प्रसंगांत तुम्ही कुस्तीच्या हिशेबाने अगदी बरोबर वागलेले आहात. निकाल कशावर लागतो ते इथे बदलले आहे आणि तुमचे अंग अजून जुन्याच निकालासाठी लढते आहे.

शेवटच्या प्रसंगापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्या मानाने सोपे आहेत. तालमीत पहिल्या दिवसापासून पोराच्या अंगात एक गोष्ट मुरवली जाते, ती म्हणजे काही झाले तरी पाठ लागू द्यायची नाही. खाली सापडलेला पैलवान पोटावर पडतो, कोपरे अंगाला चिकटवतो, छाती मातीत रुतवतो आणि वरच्याला घिस्सा मारून उलटवायला जागाच ठेवत नाही. हा बचाव किती चिवट असू शकतो, याचा अनुभव १९१० साली लंडनमध्ये खुद्द गामा पैलवानांना आला. पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को त्यांच्यापुढे अडीच तासांहून अधिक वेळ टिकला आणि त्यातला बहुतेक वेळ तो पोटावर पडून होता. गामांनी परोपरीने प्रयत्न केले, पण त्याला चितपट करता आले नाही आणि लढत बरोबरीत सुटली. त्या लढतीचा निकाल पाठ टेकण्यावर होता म्हणून झिबिस्को वाचला. तो निकाल गळा आवळण्यावर असता, तर त्याच बचावाचा अर्थ आपली मान आपणच समोरच्याच्या हवाली करणे असा झाला असता.

तुमच्या बाबतीत रोज हेच घडते. तुम्ही पोटावर वळता, त्या क्षणी समोरचा तुमच्या पाठीवर येतो आणि दोन्ही पाय तुमच्या मांड्यांच्या आतून अडकवतो. तालमीतली सवारी तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे पायांचे हे काम तुम्हाला नवे वाटणार नाही. मग त्याचा एक हात हनुवटीखालून सरकतो, तो दुसऱ्या हाताचा दंड पकडतो आणि कोपर गळ्यासमोर ठेवून दोन्ही बाजूंनी आवळतो. मान किती जाड आहे याला तिथे फारसे महत्त्व राहत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पाय अडकवून पाठ घेण्याला ४ गुण आहेत आणि त्याहून जास्त गुण कोणत्याच स्थितीला नाहीत. ते ४ गुण तुम्ही दरवेळी न मागता देऊन टाकता.

यावर उपाय असा, की पाठीवर पडायला घाबरायचे नाही, आणि पाठीवर सपाट पडूनही राहायचे नाही. समोरचा बाजूने दाबत असेल तर त्याच्याकडे तोंड करून कुशीवर वळा. एका हाताचे कोपर अंगाजवळ ठेवून तो त्याच्या कमरेला आणि दुसऱ्या हाताचा कोपरापुढचा भाग त्याच्या मानेला टेकवा, म्हणजे त्याचे वजन तुमच्या छातीऐवजी तुमच्या हाडांवर येईल. मग पाय जमिनीत रोवून कंबर मागे सरकवा, झालेल्या फटीतून खालचा गुडघा आत आणा आणि त्याला पुन्हा आपल्या दोन पायांमध्ये घ्या. तिथे तुमची पाठ जमिनीवर असेल, पण तुमचे दोन पाय आणि दोन हात त्याच्या दोन हातांशी लढत असतील. यालाच तिथे गार्ड म्हणतात. छातीवर कोणी बसले असेल तर मानेचा पूल करून सुटायची तुमची सवय उपयोगी पडेल. मात्र सगळा भार मानेवर न घेता खांद्यावर घ्या आणि एका बाजूला उलटा.

हे वाचून कळते, पण अंगात उतरत नाही. वर्षानुवर्षांची सवय घाईच्या क्षणी आधी धावून येते. म्हणून प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा, की पुढचे काही महिने प्रत्येक सरावातल्या पहिल्या दोन लढती मला खाली झोपून सुरू करू द्या: एक छातीवर माणूस बसलेला असताना, एक बाजूने दाबलेला असताना. तेवढ्या लढतींत पोटावर वळायचेच नाही, मग दहा वेळा टॅप करावा लागला तरी चालेल. उभ्याने सुरुवात केलीत तर तुम्ही समोरच्याला खाली पाडाल, वर राहाल आणि जे शिकायचे आहे ते वर्षभर टळत राहील. तुमच्यासारख्या बहुतेक पैलवानांची प्रगती इथेच अडते, असे माझे मत आहे. जे त्यांना आधीच येते त्यातच ते जिंकत राहतात आणि मग एके दिवशी कोणी बरोबरीचा वर आला की तीन वर्षांनंतरही ते खाली पहिल्या दिवसाइतकेच अनोळखी असतात.

आता पायांच्या प्रसंगाकडे वळू. डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसी या अमेरिकेतील झुंजींच्या मालिकेतल्या चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत डॅन सेव्हर्न आणि रॉइस ग्रेसी यांच्यात झाली. सेव्हर्न नावाजलेला कुस्तीगीर होता आणि रॉइसपेक्षा तीस किलोंहून अधिक जड होता. त्याने रॉइसला खाली पाडले आणि पंधरा मिनिटांहून अधिक चाललेल्या त्या लढतीचा बहुतेक वेळ तो वरच होता. कुस्तीचा कोणताही पंच त्याच्याच नावाने निकाल देता. पण पाठीवर पडलेल्या रॉइसने शेवटी आपले पाय त्याच्या मानेभोवती आणि एका हाताभोवती गुंफले आणि सेव्हर्नला हार मानावी लागली.

तुम्ही ज्यात अडकता तो हाच ट्रँगल. तो लागण्यासाठी एकच गोष्ट व्हावी लागते: तुमचा एक हात त्याच्या पायांच्या आत आणि दुसरा बाहेर. वर असलेला पैलवान नेमके हेच करतो, कारण एका हाताने तो डोके किंवा खांदा दाबायला पुढे झुकतो आणि दुसऱ्याने मांडीखालून पाय उचलायला जातो. म्हणून त्याच्या पायांमध्ये असताना तुमचे दोन्ही हात आत तरी असावेत नाही तर दोन्ही बाहेर तरी. कोपरे त्याच्या मांड्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, पाठ ताठ आणि नजर वर ठेवा. छातीला छाती लावून वजन टाकण्याची तुमची घाई इथे घातक आहे. आधी पाय ओलांडा आणि मग दाबा. पाय ओलांडून बाजूला आलात की ३ गुण मिळतातच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यानंतर तुमच्यासारखा दाबणारा माणूस त्या क्लबमध्ये बहुधा दुसरा नसेल. खांदा हनुवटीखाली रोवून, पायांची बोटे जमिनीत खुपसून, आपले गुडघे उचलून सगळे वजन समोरच्याच्या बरगड्यांवर कसे टाकायचे, हे इतरांना शिकायला वर्षे लागतात. तुम्ही ते पोरवयात शिकून बसला आहात.

लढत सुरू होताच खाली बसणाऱ्यांविषयीही इथेच सांगतो. तो पळपुटेपणा नाही. महासंघाच्या नियमांत आपणहून खाली बसणाऱ्याला गुण मिळत नाही आणि त्याचा जातही नाही. त्यामुळे ज्याला उभ्याने तुमच्याशी लढणे परवडत नाही तो लढत आपल्या सोयीच्या जागी नेतो. तुम्ही पट काढता तेव्हा तुम्हीही तेच करत असता. त्याच्या बसण्याचा राग येऊन तुम्ही सरळ त्याच्या पायांत उडी घेता, हीच त्याला हवी असलेली गोष्ट आहे. उभेच राहा, त्याचे घोटे किंवा पायजम्याची टोके धरा आणि पाय एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूने आत या. खडाखडीत पाय जसे हलके ठेवता तसेच ठेवा.

पटाचा प्रसंग थोडक्यात आटोपता येईल. कुस्तीत समोरच्याने मान बगलेत धरली तर त्यातून निकाल लागत नाही, म्हणून पट काढताना डोके खाली किंवा बाहेर गेले तरी तुम्हाला त्याची भीती वाटली नाही. इथे त्याच पकडीचे गिलोटिन, म्हणजे गळा आवळणारा डाव होतो. एकेरी पटात डोके आतल्या बाजूला, त्याच्या छातीला लावून ठेवा. दुहेरी पटात कान त्याच्या बरगडीला घट्ट चिकटलेला आणि नजर वर हवी, आणि हात पडल्यावर एका जागी थांबून ओढायचे नाही. पाय चालत राहिले पाहिजेत. मान अडकलीच तर ती ओढून काढायला जाऊ नका. आधी गळ्यावरचे मनगट दोन्ही हातांनी खाली ओढा आणि खाली पडल्यावर ज्या बाजूला डोके अडकले आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अंग न्या, म्हणजे आवळण्याची ताकद निघून जाते. धोबीपछाड किंवा ढाक असे पाठ फिरवून टाकायचे डाव मात्र जपून वापरा. डाव बसला तर उत्तमच, पण अर्धवट राहिला तर तुम्ही समोरच्याला आपली पाठ देऊन उभे असता.

माती फुकट गेली का, या प्रश्नाचे उत्तर खरे तर यातच आले आहे. तरीही एक उदाहरण देतो. २०१९ च्या अबू धाबी कॉम्बॅट या पकडींच्या लढतींच्या जागतिक स्पर्धेत ९९ किलोंवरील गटात निकी रॉड्रिगेझ रौप्यपदकापर्यंत पोहोचला. तो कुस्तीतून आलेला होता, जिउ-जित्सूत त्याला फार वर्षे झाली नव्हती आणि त्याचा पट्टा निळा होता, म्हणजे पांढऱ्याच्या फक्त एक पायरी वर. त्याच्याभोवती बहुतेक सगळे काळ्या पट्ट्याचे होते. त्या स्पर्धेचे नियमही पैलवानाला मानवणारे आहेत. गुण मोजायचा टप्पा सुरू झाल्यावर जो आपणहून खाली बसतो त्याचा गुण कापला जातो. त्याच्यासारखे यश तुम्हाला मिळेल असे मी म्हणत नाही, कारण तो तरुण होता आणि दिवसभर तेच करत होता. पण उभ्याने लढता येणे आणि वरून दाबता येणे या दोन गोष्टी आधीपासून हाती असल्या की माणूस किती पुढून सुरुवात करतो, हे त्यावरून दिसते.

सहकारी तुम्हाला टाळतात, या मुद्द्यावर मात्र मला तुमची बाजू घेता येत नाही. पत्रात तुम्ही तो एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जोडीदारच मिळाला नाही तर वरचे सगळे सल्ले कागदावरच राहतील. क्लबमध्ये येणारा माणूस दिवसभर संगणकासमोर बसून आलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कामावर जायचे असते. त्याला तुम्ही उचलून आपटलेत, तोंडावर कोपर घासून बाजूला सारलेत किंवा टॅप मिळेपर्यंत मान पिरगळत राहिलात, तर तो पुढच्या वेळी दुसरा जोडीदार शोधणारच. उचलून आपटणे तर महासंघाच्या स्पर्धांतही नियमबाह्य आहे. तुम्हाला वेगळे काही शिकायला नको. तालमीत मोठा पैलवान लहान पोरांना खेळवतो तेव्हा तो जोर लावत नाही, त्यांना डाव टाकू देतो, मधूनच सुटतो, पुन्हा सापडतो. तुम्हीही कधीतरी असे खेळवले असेल आणि त्याआधी कोणीतरी तुम्हाला खेळवलेले असेल. क्लबमधल्या दहा लढतींपैकी आठ अशा असू द्या. दम टिकेल हा त्यातला आणखी एक फायदा, कारण मुठी आवळून पहिल्या दोन मिनिटांत सगळा जोर संपवायचा आणि उरलेला वेळ धापा टाकायच्या, हे पैलवानांचे नेहमीचे दुखणे आहे.

त्या मुलीबद्दल तुम्ही जरा दबकत लिहिले आहे, म्हणून सरळ सांगतो. तिच्याशी जोर लावला नाही म्हणून हरलो, अशी समजूत मनाशी ठेवू नका. जिथे जोर लावता येत नाही तिथेच तुम्हाला डाव शिकावा लागतो, आणि वीस किलोंनी हलकी असूनही जी तुम्हाला पकडते तिला तो डाव नक्कीच तुमच्याहून चांगला येतो. तिची हरकत नसेल तर तिच्याशी नियमित सराव करा आणि लढत संपल्यावर 'हात कसा अडकला' हे तिलाच विचारा. तालमीत मुली नव्हत्या म्हणून अवघडल्यासारखे होते, हे समजण्यासारखे आहे. इतर कोणत्याही जोडीदाराशी वागता तसेच वागलात की ते काही आठवड्यांत निघून जाईल.

टॅप करण्याची लाज हीसुद्धा टाकून देण्यासारखी गोष्ट आहे आणि ती फक्त पैलवानांनाच वाटते असे नाही. १९५१ साली रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुराने हेलिओ ग्रेसीचा हात मागे पिरगळला तेव्हा हेलिओनेही टॅप केला नाही; त्याचा हात मोडला आणि शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. १९७६ साली कराचीत गामांच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानावर अँटोनिओ इनोकीने त्याच जातीची पकड टाकली. अक्रमनेही हार मानली नाही आणि त्याचाही हात जायबंदी झाला. ते हजारो लोकांसमोर लढत होते, त्यांची प्रतिष्ठा पणाला लागली होती. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी सराव करत आहात आणि बुधवारी तुम्हाला कामावर दुचाकी चालवत जायचे आहे. त्यात तुमचा गुडघा आधीच दुखावलेला आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून पाळा. टाच पिरगळण्याच्या पकडीत वेदना जाणवेपर्यंत थांबू नका. तिथे दुखू लागण्याआधीच गुडघ्याचे बंध तुटू शकतात. पकड बसली असे वाटताच टॅप करा, आणि लढतीआधी जोडीदाराला गुडघ्याबद्दल सांगत जा.

आता पर्यायांकडे येतो. एमएमएचा विचार सध्या बाजूला ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ज्या तीन ठिकाणी तुम्ही इथे अडकता, त्याच ठिकाणी एमएमएतही अडकाल, वर ठोसे पडतील, आणि दुखऱ्या गुडघ्यासह नोकरी सांभाळून तो व्याप झेपणे अवघड आहे. सोडून देण्याचे तर काही कारणच मला दिसत नाही. तुमच्या क्लबमध्ये गी (ज्युदोसारखा जाड अंगरखा-पायजमा) घालून आणि गीशिवाय असे दोन्ही वर्ग असतील तर गीशिवायच्या वर्गात तुम्हाला घरच्यासारखे वाटेल, कारण पकडी मान, मनगट आणि कमरेच्या असतात. भर त्यावरच द्या. पण आठवड्यातून एक दिवस गी जरूर घाला. कॉलर आणि बाही समोरच्याच्या मुठीत असताना हिसडा मारून सुटता येत नाही. तिथे थांबून विचार करावा लागतो, आणि तुम्हाला सध्या तीच सवय हवी आहे. कबड्डीतून किंवा ज्युदोतून आलेल्या वाचकांचीही अशी पत्रे येतात. ज्युदोवाल्यांना गीची ओळख आधीपासून असते, म्हणून त्यांनी याच्या उलट करावे आणि गीशिवायच्या वर्गाला अधिक वेळ द्यावा. कबड्डीवाल्यांना पायाची पकड येते, पण खाली पाडल्यावर काय करायचे ते माहीत नसते, त्यामुळे त्यांनी आधी वर राहून दाबायला शिकावे.

स्पर्धेत उतरा. पांढरा पट्टा तुम्ही लपवाछपवी करून बांधलेला नाही. या खेळात तुम्ही खरोखरच नवे आहात. आयोजकांचे नियम मात्र आधी नीट वाचा आणि पूर्वानुभव विचारला असेल तर कुस्ती स्पष्ट लिहा. एखाद्या ठिकाणी त्यामुळे वरच्या गटात जावे लागले तर तक्रार करू नका. स्पर्धेत नवे काही करून पाहू नका. महासंघाच्या नियमांत प्रौढांच्या पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची असते. पट काढा, त्याचे २ गुण घ्या, पाय ओलांडा, दाबा. फक्त वर आल्यावर नुसते धरून बसू नका, कारण पंच त्याचा दंड देतात. हरायचे ते दोन महिने क्लबमध्ये, खाली झोपून हरा. मातीत वाढलेल्या खाशाबा जाधवांनाही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची फारशी सवय नव्हती. तिथे ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. मधल्या काळात त्यांनी गादी अंगवळणी पाडली, मातीतली चपळाई टाकून दिली नाही.

राहता राहिला वस्तादांचा प्रश्न. त्यांच्यापासून हे लपवू नका. फोनवर सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी गावी गेलात की तालमीत जा, पाया पडा आणि सांगा. माझा अंदाज असा, की तुम्ही कुस्ती सोडल्याचे त्यांना जितके वाईट वाटले असेल, तितके या नव्या खेळाचे वाटणार नाही. 'हे परदेशी काय घेऊन बसलास' असे ते म्हणालेच, तर भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी हे मल्लविद्येचे परंपरेने सांगितले जाणारे चार प्रकार त्यांना तुमच्याहून चांगले माहीत असतील. पकडीत अडकवून हार मानायला लावणारी जांबुवंती आणि सांधे मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी यांच्याशी तुमच्या क्लबमधल्या डावांचे नाते त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. त्यांना उत्सुकता वाटली तर हात मागे पिरगळणारा, किमुराच्याच नावाचा डाव कसा बसतो आणि त्यातून कसे सुटायचे ते हौद्यात दाखवाही. गार्ड मात्र त्यांच्या पोरांना शिकवू नका. ती पोरे अजून स्पर्धा करत आहेत, गादीवर पाठ दाखवली की समोरच्याला २ गुण जातात, आणि एखादा होतकरू पोरगा तुमच्यामुळे आपणहून पाठीवर पडू लागला, तर वस्ताद तुम्हाला पुन्हा तालमीच्या उंबऱ्याला उभे करणार नाहीत.